कुणी गाडी देईना, म्हणून बोटीचं इंजिन बसवून गाडी बनवली : टायरवाल्या मिशेलिनची गोष्ट

जुन्या व्हॅनचा मेकओव्हर करणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. भंगारात निघालेली व्हॅन, तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन, नवा रंग आणि शेवटी धूर काढत मारलेली एक रपेट. खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो, किती बीएचपी? टायर कुठले घातलेत, हे विचारणारा शंभरात एखादा सापडतो. त्यालाही बहुतेक वेळा मॅगव्हीलची डिझाइन हवी असते.

पण गाडी रस्त्याला कुठे टेकते याचा विचार करा. चार चाकं, आणि प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढी जागा. इंजिन गाडीला किती जोरात पळवेल ते बीएचपी ठरवतं. त्या वेगात गाडी वळेल का, थांबेल का, भार पेलेल का, हे मात्र या चार तळहातांवर ठरतं. इंजिन बदललं की वजन बदलतं, वेग बदलतो, ब्रेक बदलतात. म्हणजे टायरचं आणि चाकाचं गणितही नव्याने मांडावं लागतं.

हे गणित आधी मांडून मग गाडीकडे बघणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं आडनाव तुम्हाला माहिती आहे. मोठमोठ्या हॉटेलांना मिळणारे मिशेलिन स्टार आठवा. ते ज्या घराण्याच्या नावाने मिळतात, त्यातला हा धाकटा भाऊ. एदुआर मिशेलिन. त्याला खरं तर चित्रकार व्हायचं होतं.

चित्रकार, ज्याच्या गळ्यात रबराचा कारखाना पडला

एदुआरचा जन्म २३ जून १८५९ चा, पॅरिसचा. थोरला भाऊ आंद्रे त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आंद्रे शिकून इंजिनिअर झाला. एदुआर पॅरिसच्या नावाजलेल्या कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये चित्रकला शिकत होता.

त्यांच्या आईच्या वडिलांचा, म्हणजे आजोबांचा फ्रान्सच्या मध्यभागी क्लेर्मों-फेराँ नावाच्या गावात कारखाना होता. आजोबा आणि त्यांचा एक नातेवाईक मिळून तिथे शेतीची अवजारं आणि रबराच्या वस्तू बनवायचे. आजोबा गेल्यावर कारखान्याला उतरती कळा लागली. आधी आंद्रेने पॅरिसमधला आपला धंदा सांभाळत तो वाचवायचा प्रयत्न केला. दोन दगडांवर पाय ठेवून ते जमेना. मग त्याने धाकट्याला गळ घातली.

एदुआरने ब्रश खाली ठेवला आणि तो गावी गेला. १८८९ मध्ये कंपनीचं नाव बदलून मिशेलिन झालं, तेव्हा कामावर जेमतेम पन्नासेक माणसं होती. वय तिशीचं, रबराचा अनुभव शून्य, घरच्यांचे पैसे अडकलेले. कारखान्यात तेव्हा काय बनत होतं? घोडागाडीच्या ब्रेकला लावायचे रबरी ठोकळे. लोखंडी ब्रेक करकर वाजायचे, हे वाजायचे नाहीत, म्हणून ते खपत होते.

म्हणजे टायरच्या या बादशहाची सुरुवात गाडी थांबवण्याच्या वस्तूपासून झाली.

एक पंक्चर सायकल आणि तीन तासांची झटापट

तर झालं असं, की एक दिवस कारखान्यात एक सायकलस्वार आपली पंक्चर सायकल घेऊन आला. सायकलला हवा भरलेले टायर होते. हे तेव्हा नवीन प्रकरण होतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण ते चाललं नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने पुन्हा पेटंट घेतलं आणि सायकलवाल्यांना हवेवर चालायची चटक लागली.

अडचण एकच होती. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे तो खरवडून सोडवायचा, आतली ट्यूब जोडायची, पुन्हा चिकटवायचा आणि डिंक वाळेपर्यंत थांबायचं. मिशेलिनच्या कामगारांना यात तीन तास गेले. रात्रभर टायर वाळत ठेवला. सकाळी एदुआर स्वतः सायकल घेऊन फिरायला निघाला आणि थोडं अंतर गेल्यावर टायर पुन्हा बसला.

दुसरा कुणी असता तर हवेच्या टायरला शिव्या देऊन मोकळा झाला असता. एदुआरच्या लक्षात मात्र दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे, ते थोडंसं अंतर तो जितक्या आरामात गेला तितका भरीव रबराच्या चाकावर कधीच गेला नव्हता. दुसरी, की टायर उत्तम असून भागत नाही, रस्त्यात बसल्याबसल्या तो निघाला आणि पुन्हा बसला पाहिजे.

१८९१ मध्ये त्याने काढता-घालता येणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. तीन तासांचं काम साधारण पंधरा मिनिटांवर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी जवळपास १२०० किलोमीटरची सायकल शर्यत होती. शार्ल तेराँ नावाचा खेळाडू मिशेलिनच्या टायरवर उतरला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या सुमारे आठ तास आधी पोहोचला.

पुढच्या वर्षी तर भावांनी कहरच केला. पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी सायकल शर्यत स्वतःच भरवली आणि रस्त्यावर खिळे टाकून ठेवले. आपल्याकडे हायवेला खिळे टाकणारे पंक्चरवाले ऐकून माहिती आहेत. इथे तर टायर कंपनीच खिळे टाकत होती. पंक्चर होतंच, पण ते पटकन निघतं, हे लोकांना दाखवायचं होतं.

आता मोटार. पण गाडी द्यायची कुणी?

सायकलचं जमलं. पण सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून वजन किती? शंभर किलोच्या आसपास. तेवढ्यात मोटारी आल्या. त्या लोखंडी पट्टीच्या नाहीतर भरीव रबराच्या चाकांवर खडखडत चालायच्या. नुसत्या हवेवर एवढं धूड उभं राहील, यावर त्या काळच्या मोटार बनवणाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांचंही चूक नव्हतं. टायर फुटला तर नाव मोटारीचं खराब होणार होतं.

जून १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही मोटारींची शर्यत ठरली. अंतर जवळपास १२०० किलोमीटर. मिशेलिनच्या टायरवर गाडी उतरवायला एकही कंपनी तयार होईना. मग दोघा भावांनी ठरवलं, गाडीच आपण बनवू.

पूजो, म्हणजे आपण ज्याला प्युजो म्हणतो, त्या कंपनीच्या गाडीचा सांगाडा घेतला. त्याच्यावर बसवलं डेमलरचं चार अश्वशक्तीचं इंजिन, जे मुळात बोटीसाठी बनलेलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर हा चक्क इंजिन स्वॅप. गाडीचं नाव ठेवलं लेक्लेअर, म्हणजे वीज. नावाचा वेगाशी फार संबंध नव्हता. स्टेअरिंग असं काही होतं, की गाडी विजेसारखी नागमोडी जायची. चालवायला दुसरं कुणी धजावेना, म्हणून आंद्रे आणि एदुआर स्वतःच बसले.

पुढे जे झालं ते कुठल्याही गॅरेजवाल्याला ओळखीचं वाटेल. इंजिनने त्रास दिला, गिअरने दिला, टायरने तर दिलाच. वाटेत वीसहून जास्त ट्यूब खर्ची पडल्या. शर्यत सगळ्यात आधी पूर्ण केली ती एमिल लव्हासॉरने, भरीव रबराच्या चाकांवर, ४८ तास ४८ मिनिटांत. मिशेलिन बंधूंना त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागला आणि बक्षिसांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

निकालाच्या कागदावर ही हार होती. पण लोकांना एक गोष्ट दिसली होती. माणसं, सामान आणि बोटीचं इंजिन एवढा सगळा भार हवेवर उभा राहू शकतो. शिवाय त्या खडबडीत रस्त्यांवर हादरे कमी बसले, तर यंत्राचे सांधे जास्त टिकतात. काही वर्षांतच शर्यतीच्या मोटारी हवेच्या टायरवर आल्या. १८९९ मध्ये कामिय जेनात्झीने आपल्या विजेवर चालणाऱ्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्याने १०५.८८ चा वेग गाठला, तेव्हा गाडीखाली मिशेलिनचेच टायर होते.

लेक्लेअरवरून आजच्या व्हॅनकडे

आता तुम्ही म्हणाल, १८९५ च्या गाडीचा आमच्या व्हॅनशी काय संबंध? संबंध आहे. एदुआरला जो पहिला प्रश्न सोडवायचा होता, तोच इंजिन बदललेल्या व्हॅनचा पहिला प्रश्न आहे. एका टायरवर नेमका किती भार येणार?

छोट्या पेट्रोल इंजिनाच्या जागी मोठं डिझेल इंजिन आलं, की बहुतेक व्हॅनमध्ये बरंचसं जादा वजन पुढच्या चाकांवर येतं. त्यामुळे काम पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा गाडी वजनकाट्यावर न्यायची. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, आणि तेही जेवढी माणसं आणि सामान नेणार तेवढं भरून. समजा पुढच्या ॲक्सलचं वजन भरलं ११०० किलो. म्हणजे एका टायरवर ५५० किलो.

आता टायरच्या कडेवर बघा. आकारापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ८८ टी. यातला ८८ म्हणजे किलो नव्हेत. तो लोड इंडेक्स आहे. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ९१ म्हणजे ६१५ किलो, १०२ म्हणजे ८५० किलो. आपल्या उदाहरणात ८८ कागदावर बसतो, पण फक्त दहा किलोची सवलत राहते. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, खड्ड्यात चाक आपटतं. तेव्हा ९१ किंवा त्याहून वरचा घेण्यात शहाणपण आहे.

पुढचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे १८०, क्यू म्हणजे १६०. व्हॅनचे मूळ टायर जुन्या इंजिनाच्या वेगाला धरून दिलेले असतात. नवं इंजिन गाडीला त्यापुढे नेऊ शकत असेल, तर अक्षरही बदलायला हवं.

काही टायरच्या आकारापुढे सी लिहिलेलं असतं. ते मालवाहू गाड्यांसाठीचे, जाड बांध्याचे टायर. कारचे मऊ टायर भरलेल्या व्हॅनला घातले, की कडा लवतात, सारख्या लवण्याने टायर तापतो आणि तापलेला टायर फुटतो. हवा कमी असली तरी हेच होतं. आणि व्हॅन टायरला लागणारा जास्तीचा दाब सोसेल, अशी डिस्कही हवी. जितकं वजन टायरला पेलायचं तितकंच चाकालाही पेलायचं असतं, हे मॅगव्हील घेताना हमखास विसरलं जातं. कारसाठी बनलेलं चाक व्हॅनच्या नटांवर बसलं, म्हणजे ते व्हॅनचं झालं असं नाही.

टायरचा ढीग, एक बाहुला आणि एक लाल पुस्तक

परत मिशेलिन बंधूंकडे येऊ. १८९४ मध्ये लियाँच्या प्रदर्शनात कंपनीच्या स्टॉलवर टायर एकावर एक रचून ठेवले होते. तो ढीग बघून एदुआर आंद्रेला म्हणाला, की याला हात लावले तर हा माणूस दिसेल. चित्रकाराचीच नजर ती. चार वर्षांनी, १८९८ मध्ये, ओगालोप या चित्रकाराने त्या ढिगाचा माणूस काढला आणि जगप्रसिद्ध मिशेलिन मॅन जन्माला आला. टायर काळे आणि हा गोरा कसा, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर सोपं आहे. तेव्हाचे टायर फिकट रंगाचे असायचे. टायर टिकावेत म्हणून रबरात काजळी घालायची पद्धत त्यानंतर रुळली आणि टायर काळे झाले.

१९०० मध्ये भावांनी गाडीवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. ३५ हजार प्रती, फुकट. आज शेफ लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात ते मिशेलिन गाइड ते हेच. पण पहिल्या पुस्तिकेत जेवणाच्या परीक्षणापेक्षा पेट्रोल कुठे मिळेल, मेकॅनिक कुठे आहे, राहायचं कुठे आणि टायर कसा बदलायचा ही माहिती होती. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, हा साधा हिशोब. हॉटेलांचे तारे १९२६ मध्ये आले.

प्रसिद्धीचं खातं पॅरिसमध्ये बसून आंद्रे बघायचा. एदुआर कारखाना सोडून फारसा बाहेर पडायचा नाही. तो अबोल होता, आपल्या कामाबद्दल गुप्तता पाळायचा आणि लोकांत मिरवणं त्याला आवडायचं नाही.

नाकापेक्षा मोती जड

१९०६ च्या जूनमध्ये ल मान्सजवळ फ्रान्सची पहिली ग्राँ प्री झाली. दोन दिवस, सुमारे १२४० किलोमीटर. उन्हाने रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, दगड उडत होते आणि टायर फाटत होते. नियम असा होता, की टायर ड्रायव्हरने आणि त्याच्या मेकॅनिकने मिळूनच बदलायचा. जुन्या पद्धतीने टायर कापून काढून नवा चढवायला पंधरा मिनिटं जायची.

मिशेलिनने इथे नवीन चीज आणली होती. टायर आणि हवेसकट अख्खी रिमच चाकावरून नट सोडून काढायची आणि दुसरी तयार रिम चढवायची. काम काही मिनिटांचं. रेनॉच्या फेरेंत्स सिसने हीच रिम वापरली आणि दुसऱ्याच्या ३२ मिनिटं आधी शर्यत जिंकली.

पण यातला बारकावा बघा. या रिममुळे एका चाकाचं वजन साधारण ९ किलोने वाढायचं. शर्यतीत गाडीच्या वजनाला मर्यादा होती. पानार आणि इताला या कंपन्यांच्या गाड्या आधीच मर्यादेला टेकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना ही रिम लावताच आली नाही. टायर चांगला, रिम चांगली, पण ती आपल्या गाडीला परवडते का, हा प्रश्न वेगळा.

व्हॅनला मोठी मॅगव्हील घालणाऱ्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा. मोठ्या इंजिनाबरोबर मोठे ब्रेक येतात, आणि मोठी डिस्क-कॅलिपर आत मावायला रिमही मोठी लागते. तिथपर्यंत ठीक. पण रिम मोठी केली तर टायरची उंची कमी करून बाहेरचा एकूण घेर तेवढाच ठेवावा लागतो. उदाहरण बघा. १८५/६५ आर १५ या टायरची उंची रस्त्यापासून वरपर्यंत साधारण ६२२ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ ची साधारण ६२१. रिम एक इंच मोठी, बाहेरून मात्र चाक तेवढंच. हे जमलं.

हे न बघता चाक दहा टक्के उंच घेतलं, तर काट्यावर ८० दिसताना गाडी खऱ्या अर्थाने ८८ ने पळत असते. गिअरचं गणितही बदलतं, चढाला गाडी दमते आणि नव्या इंजिनाची ताकद चाक फिरवण्यातच जाते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

मग येतं चाक बसणं. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळायला हवा. जवळपास चालत नाही. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, नाहीतर वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. चाक आत किती आणि बाहेर किती बसतं ते ऑफसेट ठरवतो. तो चुकला तर चाक आत सस्पेन्शनला घासतं, किंवा फार बाहेर येऊन बेअरिंगवर ताण टाकतं. नटांचं टोक कोनासारखं आहे की गोल, हेसुद्धा चाकातल्या खाचेशी जुळावं लागतं. इंजिनाबरोबर दुसऱ्या गाडीचे हब आणि ॲक्सल आले असतील, तर व्हॅनच्या जुन्या पुस्तकातले आकडे विसरा आणि आत्ता गाडीत जे बसलंय ते मोजा.

जाता जाता एक गंमत. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, तो शब्द याच काळातला. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यांचा रस्ता होता स्टेपनी स्ट्रीट. तिकडे तो शब्द मागे पडला, आपल्या टायरवाल्यांनी तो जिवंत ठेवला. बाकी चार चाकं बदलून स्टेपनी जुन्याच मापाची ठेवणारे बरेच भेटतात. पंक्चर झाल्यावर आठवण होते, की ती आता नव्या हबवर बसतच नाही.

वजन, दाब आणि शेवटचा धडा

एदुआर थांबला नाही. १९२३ मध्ये मिशेलिनने कमी दाबाचा, रुंद कारचा टायर आणला. सुमारे २.५ बार दाबावर चालणारा. प्रवास मऊ झाला. मग भावांनी रेल्वेकडे नजर वळवली. १९३१ च्या सुमारास रबरी टायरवर रुळांवरून धावणारा डबा आला, मिशलीन नावाचा. रुळाचा माथा अरुंद, त्यामुळे त्यावर चालणाऱ्या टायरवर फार भार टाकता येत नव्हता. उपाय काय केला? डबा हलका ठेवला आणि चाकांची संख्या वाढवली. म्हणजे टायर जेवढं पेलेल तेवढीच गाडी.

१९३४ च्या अखेरीस सित्रोएन ही मोठी मोटार कंपनी दिवाळखोरीत गेली. मिशेलिन तिची मोठी घेणेकरी होती आणि कारभार मिशेलिनकडे आला. ज्याला १८९५ मध्ये एकही कंपनी गाडी देत नव्हती, त्याच्या हातात आता अख्खी मोटार कंपनी होती. सित्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हाँ या गाजलेल्या कारचं पुढच्या चाकांना ओढणारं यंत्र घेऊन याच काळात टब नावाची व्हॅन तयार झाली आणि १९३९ मध्ये विक्रीला आली. कारचं इंजिन व्हॅनमध्ये, पण गाडी त्या हिशोबानेच आखलेली. १९३७ मध्ये मिशेलिनने मालवाहू गाड्यांसाठी पोलादी तारांचा टायर आणला. जड गाडीला नुसतं जाड रबर पुरत नाही, आतला सांगाडा मजबूत लागतो, हे त्यामागचं सूत्र.

याच वर्षांत घर मात्र रिकामं होत गेलं. १९३१ मध्ये आंद्रे गेला. पुढच्या वर्षी एदुआरचा मुलगा एतियेन विमान अपघातात गेला. सित्रोएन सांभाळणारा दुसरा मुलगा पिएर १९३७ च्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात गेला. ज्याने आयुष्यभर गाड्या रस्त्याला नीट धरून राहाव्यात म्हणून काम केलं, त्याच्या मुलाला रस्त्यानेच नेलं.

एदुआर मिशेलिन २५ ऑगस्ट १९४० ला क्लेर्मों-फेराँजवळ ऑर्सीन इथे वारला. तेव्हा तो ८१ वर्षांचा होता आणि दोनच महिन्यांपूर्वी फ्रान्सने जर्मनीपुढे हार पत्करली होती. कंपनी त्याचा जावई रोबेर पुइझो आणि पिएर बुलांजे यांच्याकडे गेली. १९४६ मध्ये तिथेच रेडियल टायरचं पेटंट निघालं. तुमच्या टायरच्या मापात जो आर असतो, तो या रेडियलचा.

तर मग व्हॅनसाठी नेमकं काय करायचं?

क्रम उलटा करायचा. आधी इंजिन, मग ब्रेक आणि उरलेल्या पैशात टायर, असं सहसा होतं. त्याऐवजी इंजिन ठरवतानाच वजन आणि वेगाचा अंदाज घ्यायचा. त्याला लागणारा लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर असलेला टायर आपल्याला मिळतोय का, तो बसेल अशी रिम ब्रेकवरून जातेय का, आणि ती रिम व्हॅनचा भार पेलते का, हे तपासायचं. एकाही प्रश्नाचं उत्तर नाही आलं, तर इंजिनाची निवड बदलायची. जुने टायर विकत घेत असाल तर कडेवरचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी म्हातारं रबर ते म्हातारंच.

आणि आपल्याकडे एक पायरी याच्याही आधीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओत विचारायचं आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. नोंद नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकू शकतात.

चित्रकार होता होता राहिलेल्या एदुआरने गाडीकडे कायम खालून वर पाहिलं. आधी रस्ता, मग टायर, मग चाक, मग त्यावर काय ठेवता येईल ते. लेक्लेअरवर वीसहून जास्त ट्यूब घालवून तो हे शिकला. आपल्याला तेच टायरच्या कडेवर छापून मिळतं, फक्त खाली वाकून वाचावं लागतं.